मधले दिवस

माझं काम आकड्यांचं. संख्याशास्त्रात एमएस्सी केली आणि तेव्हापासून औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासतेय, म्हणजे एखादं औषध खरंच काम करतं की नुसतं तसं वाटतं हे ठरवायला जी आकडेमोड लागते ती करणारी मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणारे ते एखाद्या न शिकलेल्या बाईने केलं असतं तर मी स्वतःच ते अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं.

आईचा कॅन्सर कळला तेव्हाच बराच पसरलेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्रास कमी ठेवू, वेळ जमेल तितका वाढवू, पूर्ण बरं होतील असं मी म्हणणार नाही. मला ते समजलं. रोज मी असल्याच आकड्यांत बसलेली असते, समजणार नाही कसं? पण घरी आले आणि त्याच रात्री लॅपटॉप उघडून बसले, आणि वाचत वाचत पहाटे तीनच्या सुमाराला व्हिटॅमिन सीपाशी येऊन थांबले.

आता हा काही कुठून तरी फॉरवर्ड होऊन आलेला उपाय नव्हता. त्याच्यामागे लायनस पॉलिंग होते. रासायनिक बंध म्हणजे नक्की काय हे ज्या माणसाने जगाला समजावलं, १९५४ चं केमिस्ट्रीचं नोबेल आणि १९६२ चं शांततेचं नोबेल, दोन्ही कुणाबरोबरही वाटून न घेता मिळवणारा आजपर्यंतचा एकमेव माणूस. त्यांनी इवान कॅमेरॉन नावाच्या स्कॉटिश सर्जनबरोबर १९७६ साली एक पेपर छापला होता. शेवटच्या अवस्थेतल्या १०० कॅन्सर पेशंट्सना रोज दहा ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं आणि त्यांची तुलना हॉस्पिटलच्या जुन्या रेकॉर्डमधल्या १००० पेशंट्सशी केली, तर व्हिटॅमिनवाले सरासरी चारपटीहून जास्त जगले. २१० पेक्षा जास्त दिवस, आणि बाकीचे ५०. मी ते आकडे दोनदा वाचले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला झोप लागली.

त्या पेपरमध्ये काय गडबड आहे हे मला दिसायला हवं होतं. पेशंट चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाला औषध मिळणार आणि कुणाला नाही हे नशिबावर सोडून निवडलेले नव्हते. जुन्या रेकॉर्डमधल्या माणसाला "आता काही करता येणार नाही" असं कधी म्हटलं गेलं आणि व्हिटॅमिनवाल्याला कधी म्हटलं गेलं, ते दोन क्षण सारखेच असतील याची काय खात्री? एकाला महिनाभर आधी म्हटलं असेल तर तो आपोआपच महिनाभर जास्त जगल्यासारखा दिसणार. ऑफिसमध्ये कुणी असा डेटा माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी पंधरा मिनिटांत परत पाठवला असता.

आणि मग मेयो क्लिनिकच्या दोन चाचण्या होत्या, १९७९ आणि १९८५ च्या. पेशंट चिठ्ठ्या टाकून निवडलेले, कुणाला व्हिटॅमिन मिळतंय आणि कुणाला नुसती खोटी गोळी हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. दोन्हींत काहीही फरक दिसला नाही. त्या मी वाचल्या, अगदी शब्दन् शब्द वाचल्या, आणि त्यात मला किती खोट सापडली म्हणून सांगू! पहिलीत बहुतेकांना आधी किमो दिलेली होती म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती आधीच गेलेली, दुसरीत व्हिटॅमिन लवकर बंद केलं, शिवाय तोंडाने दिलेल्या डोसचं रक्तातलं प्रमाण एका मर्यादेपलीकडे जात नाही तर शिरेतून दिलं असतं तर काय झालं असतं. पहिले दोन आक्षेप पॉलिंग यांचेच होते, तिसऱ्यावर आजही संशोधन चालू आहे, म्हणजे मी वेड्यासारखं काही बोलत नव्हते. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फक्त पहिल्या पेपरला मी एकही प्रश्न विचारला नव्हता आणि पुढच्या दोघांना चाळीस विचारले.

थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे फार साध्या शब्दांत मांडलंय. जे खरं असावं असं वाटतं ते समोर आलं की आपण मनाला विचारतो, "यावर विश्वास ठेवता येईल का?" जे खरं नसावं असं वाटतं ते आलं की विचारतो, "यावर विश्वास ठेवावाच लागेल का?" दोन वेगळे प्रश्न. पहिल्याला एक आधार पुरतो, दुसऱ्याला एक पळवाट. आणि पळवाट शोधायला डोकं लागतं. माझ्याकडे तर त्याच कामासाठी पगार घेणारं डोकं होतं.

मी व्हिटॅमिन सुरू केलं. डॉक्टरांना पहिले तीन आठवडे सांगितलं नाही, हे लिहिताना आजही हात अडखळतो. आणि एक वही केली. आईची रोजची नोंद ठेवायची, वेदना किती, झोप किती, जेवली का, काय बोलली. मला वाटायचं मी हे सगळं शास्त्रीय पद्धतीने करतेय. दिवसा मी असायचे, रात्री धाकटा भाऊ असायचा. त्याने एकदा ती वही चाळली आणि मला विचारलं,

"ताई, हे मधले दिवस कुठेयत?"

बघितलं तर खरंच, चौदा तारीख, सोळा तारीख, मग एकदम एकवीस. मी त्याला उत्तर दिलं. चांगलं अर्ध्या तासाचं उत्तर दिलं. की वाईट दिवस हे मूळ आजाराचे आहेत ते काही आपण मोजत नाहीयोत, आपल्याला बघायचंय प्रतिसाद येतो का, आणि औषधाचा परिणाम लगेच दिसत नाही, त्याला वेळ लागतो, त्यामुळे मधली घसरण म्हणजे अपयश असं धरता येत नाही, वगैरे वगैरे. तो रात्रभर जागा होता. त्याने मान हलवली आणि झोपायला गेला. मी समजले त्याला पटलं.

हा प्रसंग मला व्हिटॅमिनपेक्षा जास्त छळतो. कारण त्याच्याकडे प्रश्न होता, साधा आणि अचूक, आणि माझ्याकडे त्याला गप्प करण्याइतकं शिक्षण होतं.

फ्रान्सिस बेकनने १६२० साली एक जुनी गोष्ट सांगितलीय. एका माणसाला देवळात नेऊन तिथली चित्रं दाखवली, वादळात सापडल्यावर नवस केला आणि जहाज फुटूनही वाचले अशा लोकांची चित्रं, आणि विचारलं, आता तरी देवांची शक्ती मानतोस का? त्याने उलट विचारलं, नवस करून बुडाले त्यांची चित्रं कुठे लावलीयत? चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे हे, आणि तेव्हाही ती गोष्ट जुनीच होती. भावाने ती कधी वाचलेली नव्हती. मी वाचलेली होती, कॉलेजात शिकलेली होते, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते.

आई गेल्यावर बरीच वर्षं मी या विषयाकडे वळलेच नाही, मग हळूहळू वाचायला लागले. आधी मला वाटायचं की चुकीच्या समजुती म्हणजे माहितीची कमतरता, माहिती दिली की त्या जातात. काही जातातही. आणि हेही खरं की सरसकट बघितलं तर जी माणसं थांबून विचार करतात, पहिलं सुचलेलं उत्तर परत तपासून बघतात, ती भुताखेतांवर किंवा ग्रहताऱ्यांवर थोडा कमीच विश्वास ठेवतात. म्हणजे हुशारीचा काहीच उपयोग नाही असं मला म्हणायचं नाहीये. पण जिथे आपलं काहीतरी गुंतलेलं असतं, माणूस, पक्ष, नाव, आयुष्यभराचं काम, तिथे गोष्ट बदलते. कीथ स्टॅनोविच यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आणि त्यांचा निष्कर्ष असा की स्वतःच्या बाजूला झुकण्याची ही जी सवय आहे तिचा आणि बुद्ध्यांकाचा संबंध फारच थोडा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळ्याच बुद्ध्यांकांना लागू.

पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग माझा आवडता आहे. लोकांना सांगितलं २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात, नियम ओळखा, हवे तितके तीन-तीन आकडे सांगा, मी ते बसतात की नाही सांगेन. लोक म्हणायचे ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग आत्मविश्वासाने जाहीर करायचे, दोनदोनने वाढणारे आकडे! चूक. नियम इतकाच होता की आकडे चढते असावेत, १, २, ५० सुद्धा चाललं असतं. पण जे आपल्या अंदाजात बसणार नाही ते विचारून बघावं हे बहुतेकांना पहिल्या फटक्यात सुचलंच नाही. आणि लक्षात घ्या, या आकड्यांत कुणाचीही आई नव्हती. कसलाही स्वार्थ, कसलीही भीती नसताना मन असं चालतं, तर भीती असताना काय होत असेल.

ते काय होतं हे आर्थर कॉनन डॉयल यांच्याकडे बघून कळतं. शेरलॉक होम्स घडवणारा माणूस, शिकलेला डॉक्टर. इंग्लंडमधल्या कॉटिंग्लीत १९१७ साली सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या मावसबहिणींनी पऱ्यांचे फोटो काढले, आणि १९२० च्या डिसेंबरमध्ये डॉयल यांनी ते मासिकात छापून खरे म्हणून जगापुढे ठेवले. पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या आणि हॅटच्या पिनांनी उभ्या केलेल्या, हे त्या बहिणींनी १९८३ मध्ये कबूल केलं तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. लोक ही गोष्ट हसत सांगतात. मला हसू येत नाही. १९१८ मध्ये डॉयल यांचा मुलगा किंग्जली गेला होता, पुढच्या वर्षी भाऊ गेला. मृतात्म्यांवरचा त्यांचा विश्वास आधीपासूनचा होता हे खरं, पण त्यानंतर तो विश्वास सोडणं म्हणजे त्या दोघांना परत एकदा गमावणं झालं असतं.

त्यांची आणि जादूगार हूदिनीची मैत्री होती. १९२२ मध्ये डॉयल यांच्या पत्नीने हूदिनीच्या मेलेल्या आईकडून म्हणून पानंच्या पानं निरोप लिहून काढला, इंग्रजीत, वर क्रॉसची खूण करून. हूदिनीची आई ज्यू होती आणि तिला इंग्रजी धड येत नव्हतं. एवढं झाल्यावर कुणीही थांबलं असतं ना? डॉयल थांबले नाहीत. उलट हूदिनी इतकी वर्षं सांगत होता की माझी जादू ही हातचलाखी आहे, तर डॉयल यांनी तेही मानलं नाही, त्यांचं म्हणणं की हूदिनीकडेच गूढ शक्ती आहेत आणि तो त्या लपवतोय. किती सुबक तर्क आहे बघा, कुठल्याही बाजूने पुरावा आला तरी आत जाऊन बसतो. साध्या माणसाला असा तर्क बांधता आला नसता, तो कुठेतरी अडखळला असता.

आता एका प्रयोगाबद्दल जरा जपून लिहिते. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ११११ लोकांना एक तक्ता दाखवला. त्वचेचं क्रीम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. क्रीम चांगलं का? २२३ मोठा दिसतो म्हणून हो वाटतं, पण प्रमाण काढलं तर लावलेल्यांत साधारण ७५ टक्के बरे झाले आणि न लावलेल्यांत ८४, म्हणजे क्रीम न लावणंच बरं. गणितात पक्क्या लोकांना हे जास्त जमलं, अपेक्षेप्रमाणे. मग तेच आकडे ठेवून क्रीमच्या जागी बंदुकांवरची बंदी आणि गुन्हेगारी घातली. आता उत्तर आपल्या राजकीय मताविरुद्ध जात असेल तर गणितात पक्के लोकही ते चुकायला लागले, आणि दोन बाजूंतली दरी कच्च्या लोकांपेक्षा पक्क्या लोकांत जास्त रुंद निघाली.

हे वाचून मी किती आनंदले होते. माझीच गोष्ट कुणीतरी आकड्यांत सिद्ध केली असं वाटलं. आणि म्हणूनच हेही लिहायला पाहिजे की पुढे इतरांनी हा प्रयोग परत केला तेव्हा हा शेवटचा भाग, म्हणजे हुशारीने दरी वाढते हा, काही ठिकाणी दिसला आणि काही ठिकाणी नाही. मताप्रमाणे उत्तर झुकतं एवढं बऱ्यापैकी टिकलंय. ही चारच वाक्यं, पण ती लिहायला मला दोन दिवस लागले, आधीच्या मसुद्यात ती नव्हती.

अजून एक गोष्ट पक्की कळलीय. एमिली प्रॉनिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की लोकांना पूर्वग्रहांची यादी वाचून दाखवली तर ते म्हणतात, हो, असं लोक करतात, मी मात्र त्यामानाने कमी. कुसळ आणि मुसळाची आपली म्हण आहेच. दहा वर्षांनी वेस्ट, मेझर्व्ह आणि स्टॅनोविच यांनी बघितलं की हुशार लोकांत तरी हा आंधळेपणा कमी असतो का, तर नसतो. आपण आत डोकावून बघतो, तिथे खोटा हेतू सापडत नाही, म्हणून आपण निःपक्षपाती. मीही डोकावले होते ना. आत फक्त आईबद्दलचं प्रेम दिसत होतं.

पॉलिंग यांच्याबद्दल पुढे वाचलं तेव्हा त्यांच्यावरचा राग गेला. १९७६ मध्येच त्यांच्या पत्नीला, अ‍ॅव्हा हेलन यांना, पोटाचा कॅन्सर निघाला होता. त्या व्हिटॅमिन सी घेत राहिल्या, १९८१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. पॉलिंग स्वतः १९९४ मध्ये, ९३ व्या वर्षी, प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, आणि शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. लोक त्यांना अहंकारी म्हणतात, असतीलही. पण ज्या माणसाने बायकोला हे देताना पाहिलंय त्याला १९८५ चा पेपर वाचायला दिला तर तो काय वाचेल? त्याला त्यात फक्त औषध लवकर बंद केल्याचं दिसेल. मला दिसलं होतं.

मग उपाय काय, असं माझे सहकारी विचारतात. मला एकाच गोष्टीबद्दल थोडी खात्री वाटते. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी ४८ विद्यार्थ्यांना फाशीच्या शिक्षेबद्दलचे दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूने, एक विरोधात. निम्मे विद्यार्थी फाशीच्या बाजूचे होते, निम्मे विरोधातले. सगळ्यांनी तेच वाचलं आणि वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मताला जास्तच घट्ट चिकटले, प्रत्येकाला विरोधी अभ्यासातच खोट सापडली. पाच वर्षांनी लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी दोन सूचना देऊन बघितल्या. एका गटाला सांगितलं, निःपक्षपातीपणे न्यायाधीशासारखं वाचा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता तरी मी त्याला असंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का? याने फरक पडला. प्रामाणिक राहा म्हणून सांगून भागत नाही, प्रामाणिक तर सगळे असतातच. हातात काहीतरी कृती द्यावी लागते.

डार्विनची कृती याहून साधी. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी कुठलीही गोष्ट दिसली किंवा सुचली की तो ती लगेच, न चुकता लिहून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा असल्या गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात असा त्याचा अनुभव होता. लगेच हा त्यातला महत्त्वाचा शब्द वाटतो मला.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती वही सापडली. दोनशे पानी, त्यातली जेमतेम चाळीस पानं भरलेली. "आज स्वतःहून उठून बसली." "आज वेदना कमी, हसली." वाचवत नव्हतं पण वाचलं. मग आठवलं की भाऊ रात्रीचा मला मेसेज करायचा, रोज. जुन्या फोनमध्ये शोधलं तर सगळे होते. रात्री २.१० ला उलटी. ४.०० ला परत. पोट बिघडलंय, तुझी ती पावडर बंद करूया का. आज तिने मला ओळखलं नाही. आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर, ठीक आहे, सकाळी येते.

म्हणजे मधले दिवस कुठे गेले नव्हते, ते माझ्याच फोनमध्ये होते, मी वाचलेले होते.

काल रात्री पेन घेऊन बसले आणि वहीत तारखांच्या मध्ये जिथे जिथे जागा होती तिथे ते भरायला लागले, बारीक अक्षरात. सोळा आणि एकवीसच्या मध्ये फक्त दोन ओळींची जागा सुटलेली होती, तिथे चार दिवस बसवायचे होते, म्हणून समासात लिहिलं. अठरा तारखेचा मात्र मेसेजच नव्हता. भावाला फोन केला, अकरा वाजून गेले होते. म्हटलं, अठराला रात्री काय झालं होतं रे, तुझा मेसेज नाहीये.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थांब ताई, बाहेर येऊन बसतो, मग सांगतो."